जुना टीव्ही गेम दुरुस्त करावा की इम्युलेटर पुरे?

पत्र्याची_पेटी

मंडळी, इमारत रिडेव्हलपमेंटला चालली आहे म्हणून माळा उपसला. त्यात आमचा जुना टीव्ही गेम निघाला. राखाडी डबा, दोन रिमोट, एक बंदूक आणि '९९९९९९९ इन १' लिहिलेली पिवळी कॅसेट. अडॅप्टर मात्र गायब. बायको म्हणते, मोबाइलवर हे सगळं फुकट मिळतं, जागा कशाला अडवायची? चिरंजीव (वय ११) यूट्यूबवर बघून आले आणि "चौकोन चौकोन दिसतात" एवढं बोलून गेले.

तर यात वेळ आणि पैसा घालावा का? की लॅपटॉपवर इम्युलेटर (जुने गेम कॉम्प्युटरवर चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून मोकळं व्हावं? माझं मत विचाराल तर त्या डब्यावर खेळण्याची मजा लॅपटॉपवर येत नाही. का येत नाही ते मला धड सांगता येत नाही, म्हणून हा धागा.

झक्या

भंगारात किलोचा भाव काय ते आधी विचारा. प्लॅस्टिक वेगळं, वायर वेगळी. 😀

सई_वाईकर

झक्या, गप.

पेटी, टाकू नका. आमच्या वाड्यात एकच टीव्ही गेम होता, 'लिटल मास्टर' नावाचा, आमच्याकडे. मे महिन्यात दुपारी दारातल्या चपला बघूनच आई ठरवायची की चहाबरोबर पोहे करायचे की नुसती बिस्किटं फिरवायची. एक लाइफ गेली की रिमोट पुढच्याकडे, हा नियम. कुणी "थांब, अजून कंटिन्यू आहे" म्हणाला की भांडण.

माझा खेळ रणगाड्यांचा, बॅटल सिटी. मधला गरुड वाचवायचा. त्यात स्वतःचा नकाशा रचायची सोय होती, कन्स्ट्रक्शन. सगळी मुलं कॉन्ट्रा या गोळीबाराच्या खेळामागे, मी मात्र गरुडाभोवती पोलादी भिंती घालून बसायचे. आणि आपल्याच जोडीदाराला गोळी लागली तर तो जागच्या जागी काही क्षण अडकायचा, आठवतंय? मोठ्या भावाचा सूड घ्यायची ती एकमेव अधिकृत सोय होती.

तिरशिंगराव

सगळ्यांच्या उत्साहावर पाणी टाकतो, राग नसावा. तुम्ही ज्याला जुना गेम म्हणताय ती नक्कल आहे. मूळ यंत्र म्हणजे निन्टेन्डोचं फॅमिकॉम, १५ जुलै १९८३ रोजी जपानात आलेलं. अमेरिकेत तेच १९८५ मध्ये एनईएस नावाने गेलं. आपल्याकडच्या बाजारात आले ते तैवान आणि चीनमध्ये बनलेले क्लोन. झाकण उघडून बघा. जिथे स्वतंत्र चिपा हव्यात तिथे काळ्या इपॉक्सीचा एक थेंब असेल, बहुतेक सगळं त्याच्याखाली. आवाजातही गडबड. अनेक क्लोनमध्ये पल्स चॅनेलच्या दोन ड्युटी सायकलींची (म्हणजे सुरांचा पोत ठरवणाऱ्या दोन सेटिंगची) अदलाबदल झालेली असते, त्यामुळे संगीत मूळ रचनेपेक्षा वेगळं वाजतं.

माझ्याकडे जपानहून आणलेलं फॅमिकॉम आहे आणि सोनीचा ट्रिनिट्रॉन, ट्यूबवाला टीव्ही. रेट्रो करायचंच तर नीट करा. क्लोन दुरुस्त करण्यात अर्थ नाही.

झक्या

आले. म्हटलंच, अजून कसे आले नाहीत.

सई_वाईकर

तिरशिंगराव, माहिती उत्तम, निष्कर्ष अमान्य. माझ्या कानात मारिओ बसलाय तो त्याच बिघडलेल्या ड्युटी सायकलीचा. मूळ ऐकला तर मला तोच चुकीचा वाटेल. अख्ख्या वाड्यात कुणीही निन्टेन्डो हा शब्द ऐकला नव्हता. आमच्यासाठी मूळ काय, तर लिटल मास्टर.

धारावी_ते_दादर

+१ सई. आणि ते कॅसेट सुरू केल्यावरचं पडदाभर समुद्र, नारळाची झाडं, उडणारे पक्षी? त्यामागे एका जुन्या इंग्रजी प्रेमगीताची चाल वाजायची. ते जपानच्या कुठल्याच गेममध्ये नाही. ते निव्वळ चोरांचं स्वतःचं योगदान. मला कॉन्ट्रापेक्षा तो मेनू जास्त आठवतो.

आणि ९९९९९९९ मध्ये खरे खेळ मोजून काही. बाकी तोच मारिओ, कधी दुसऱ्या लेव्हलपासून, कधी पाचव्या. आम्ही यादी खाली खाली सरकवत बसायचो, शेवटी काहीतरी नवीन सापडेल म्हणून.

डागकाम

दुरुस्तीचं विचारलंत म्हणून कामाचं लिहितो.

१. अडॅप्टर मिळेल तो लावू नका. असे डबे बहुतेक ९ व्होल्टचे, आत ७८०५ रेग्युलेटर असतो, तो ५ व्होल्ट करतो. पण पिनेचा आतला भाग प्लस की मायनस हे डब्याडब्याला वेगळं. डब्याच्या खाली छापलेलं असतं, नसेल तर उघडून ७८०५ च्या पायांपासून माग काढा. उलटा लावलात तर धूर.

२. ७८०५ ला पत्र्याची पट्टी स्क्रूने लावलेली असते, ती सैल झाली की तो तापतो आणि अर्ध्या तासाने चित्र जातं. लहानपणी "गेम तापला" म्हणून आपण बंद करून पंख्याखाली ठेवायचो, ते बहुधा हेच.

३. मोठे कपॅसिटर फुगलेत का बघा. चार रुपयांची वस्तू.

४. कॅसेटमध्ये फुंकू नका! फुंकरीने काही होत नाही, काढून पुन्हा बसवल्याने पिना घासल्या जातात म्हणून चालायचं. फुंकरीतली ओल उलट पिनांना गंज आणते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कान साफ करायची कापसाची काडी घ्या, पिना पुसा.

पुण्यात असाल तर तपकीर गल्लीत सगळे सुटे भाग मिळतील, मुंबईत लॅमिंग्टन रोड.

झक्या

फुंकर मारायची नाही? मग बालपणात उरलं काय?

आज्जीचा_नातू

डागकाम, एक शंका. मी परवा लॅपटॉपवर मारिओ खेळलो तर तो घाईत असल्यासारखा पळत होता. इम्युलेटरची काही सेटिंग बिघडली का? लहानपणी एवढा वेग नव्हता.

डागकाम

सेटिंग ठीक आहे. आपले टीव्ही पाल पद्धतीचे, सेकंदाला ५० वेळा चित्र. जपानी आणि अमेरिकी गेम ६० साठी लिहिलेले. इथे विकायला केलेल्या क्लोनमध्ये घड्याळ ५० वर बसवलेलं असायचं, म्हणजे खेळ आणि गाणं दोन्ही साधारण सहाव्या भागाने हळू. जपानातल्या पोराच्या मारिओपेक्षा तुमचा मारिओ निवांत होता. इम्युलेटर आता त्याला मूळ वेगाने पळवतोय. चांगल्या इम्युलेटरमध्ये 'डेन्डी' नावाचा पर्याय असतो (रशियातला असाच एक प्रसिद्ध क्लोन), तो निवडा, तुमचा वेग परत येईल.

तिरशिंगराव

म्हणजे तुम्ही मंडळी लहानपणी सोप्या पातळीवर खेळत होतात. 😏

सई_वाईकर

तीस लाइफ घेऊनसुद्धा मरायचो, तेव्हा सोपं नका म्हणू.

धारावी_ते_दादर

तीस लाइफचा विषय निघालाच आहे तर. कॉन्ट्रात त्या देणारी बटणं: वर वर खाली खाली डावी उजवी डावी उजवी बी ए. हे कॉन्ट्राचं नव्हेच मुळात. कॉन्ट्रा काढणाऱ्या कोनामी कंपनीचे काझुहिसा हाशिमोतो १९८६ मध्ये ग्रॅडियस हा दुसरा खेळ फॅमिकॉमवर आणत होते. खेळ इतका अवघड की चाचणी करताना त्यांना स्वतःलाच जमेना, म्हणून सगळी शस्त्रं मिळवून देणारी ही किल्ली घातली आणि ती आतच राहिली. फेब्रुवारी २०२० मध्ये ते गेले. आमच्या चाळीत हा कोड कागदावर लिहून दोन गोट्यांना विकला जायचा.

बाकी आमचं खरं शिक्षण मुस्तफावर. रुपयाचं नाणं, शाळा सुटल्यावर. काउंटरवरचा दादा किल्ल्यांचा जुडगा घेऊन फिरायचा, आणि गॅसच्या लायटरचा चटका देऊन फुकट क्रेडिट चढवणारी पोरं त्याच्या पाठीमागे. सापडला की कानाखाली, आणि वर घरी निरोप.

नवीन_सभासद_७

मुस्तफा म्हणजे?

धारावी_ते_दादर

अरेरे. कॅपकॉम कंपनीचा आर्केडमधला (नाणं टाकून खेळायच्या मशीनवरचा) कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, १९९३. पिवळी टोपीवाला मुस्तफा कैरो हा चौघांतला एक खेळाडू. पळत येऊन लाथ घालायचा. तो इतका लाडका की अख्ख्या खेळाचं नावच तसं पडलं.

शिकागोचा_विहीण

आयडी जुना आहे, प्रश्न नको. 😀

इथे शिकागोजवळ ब्रुकफील्डला गॅलपिंग घोस्ट नावाचं आर्केड आहे. दारात एकदाच पैसे भरायचे, आत शेकड्यांनी मशिनं, दिवसभर खेळा. शनिवारी आम्ही चारपाच मराठी, दोन हैदराबादी असे जातो. तिथल्या एका गोऱ्या आजोबांना मी "मुस्तफा" म्हणालो तर त्यांना काही कळेना. चित्र दाखवलं तेव्हा म्हणाले, हा तर साइड कॅरेक्टर! आमची त्यावरून अर्धा तास चर्चा. त्यांच्या दृष्टीने नायक जॅक. तो हैदराबादी आणि मी एका बाजूला, अमेरिका दुसऱ्या बाजूला.

पण खरं सांगू? पैसे एकदाच दिल्यावर मरायची भीती जाते. रुपया जाणार म्हणून जो जीव मुठीत धरून खेळायचो, ते तिथे होत नाही. पाच मिनिटांत कंटाळून पुढच्या मशीनवर.

आज्जीचा_नातू

हे पटलं. इम्युलेटरमध्येही तेच. सेव्ह स्टेट आहे, दर दोन उड्यांना सेव्ह करतो. कॉन्ट्रा एका संध्याकाळी संपवला, आणि संपल्यावर काहीच वाटलं नाही.

तिरशिंगराव

कारण तुम्ही तो संपवलाच नाही.

आज्जीचा_नातू

काका, दिवसभर नोकरी करून रात्री दहाला बसतो मी. मला धबधब्याची लेव्हल शंभरदा पहिल्यापासून नाही खेळायची. शेवटचा राक्षस लहानपणी कधी बघितलाच नव्हता, लोडशेडिंग व्हायचं. तो बघायचा होता, बघितला. यात चोरी काय?

सई_वाईकर

धबधब्याच्या लेव्हलला दोघं असतील तर वरच्याने घाईने चढायचं नाही. पडदा वर सरकतो आणि खालचा मरतो. यावरून माझा आणि चुलतभावाचा अबोला होता. सेव्ह स्टेटने तो अबोला मिळत नाही हे खरं.

कायदेशीर_कटकट

सगळे मजेत आहात, पण इम्युलेटर टाका, रॉम उतरवा असं बिनधास्त लिहिताय. इम्युलेटर स्वतः बेकायदा नाही, पण गेमचा रॉम (कॅसेटमधल्या खेळाची फाइल) उतरवणं म्हणजे कॉपीराइटचा भंग. खेळ जुना झाला म्हणून हक्क संपत नाही. कॉन्ट्रा आजही कोनामीचा आहे. आणि विकत घ्यायची सोयही आहे. २०१९ ला आलेल्या कॉन्ट्रा ॲनिव्हर्सरी कलेक्शनमध्ये फॅमिकॉमची जपानी आवृत्तीसुद्धा आहे, जिच्यात जंगलातली पानं हलतात आणि मध्ये मध्ये नकाशा दिसतो. सेलमध्ये वडापावांच्या एका पार्टीएवढ्या पैशांत मिळतं.

धारावी_ते_दादर

कॉन्ट्राचं मान्य. मुस्तफा कुठून घेऊ ते सांगा. कॅपकॉमने २०१८ मध्ये अशा मारामारीच्या सात खेळांचा संच काढला, त्यात हा नाही. कारण तो झेनोझोइक टेल्स या कॉमिकवर बेतलेला, परवाना दुसऱ्याकडचा. म्हणजे मी खिशात पैसे घेऊन उभा आहे आणि दुकानच नाही.

आणि हा एकटा नाही. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये पाहणी केली. अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के तेव्हा बाजारात अधिकृतपणे मिळतच नव्हते. चोरांनी जपलं नसतं तर ते बघायलाही मिळाले नसते.

कायदेशीर_कटकट

न मिळणं हे चोरीचं कारण आहे, परवानगी नाही.

झक्या

वकीलसाहेब, तुमच्या घरी कॅसेट कुठली होती लहानपणी?

कायदेशीर_कटकट

...५२ इन १.

झक्या

😂😂

तिरशिंगराव

इथे मी वकिलांच्या बाजूने. पण धारावी, तुमच्या ८७ टक्क्यांमुळेच मी मूळ कॅसेटी विकत घेतो. वस्तू हातात असली की कुणी परवाना काढून घेऊ शकत नाही.

माळरान

हा धागा वाचून नवल वाटलं. आम्ही सूरपारंब्या, विटीदांडू खेळलो. चाळीस-पन्नाशीची माणसं चौकोनी मारिओवर एवढी चर्चा करतात! तीच तीच लेव्हल, यात आता नवीन काय सापडणार?

आज्जीचा_नातू

सापडतं की. निन्टेन्डोचा टेट्रिस १९८९ चा. लोकांना वाटायचं २९ व्या लेव्हलनंतर ठोकळे इतके जोरात पडतात की माणसाला अशक्य. मग लोकांनी रिमोट धरायची पद्धतच बदलली. अंगठा बटणावर टेकवायचा आणि दुसऱ्या हाताची बोटं रिमोटच्या मागून तबल्यासारखी वाजवायची. डिसेंबर २०२३ मध्ये १३ वर्षांच्या एका अमेरिकन मुलाने १५७ व्या लेव्हलला पोचून गेमच बंद पाडला. प्रोग्रामच अडकला. ३४ वर्षं कुणा माणसाला न जमलेलं, गेम जन्मल्यानंतर दोन दशकांनी जन्मलेल्या पोराने केलं.

आणि मारिओ तर अख्खा ४० किलोबाइटांत बसतो. ढग आणि झुडपं एकच चित्र आहे, फक्त रंग बदललेला. बघा एकदा.

माळरान

ढग आणि झुडूप एकच??

सई_वाईकर

गेले माळरान. आता रात्रभर तेच बघणार.

पत्र्याची_पेटी

सगळ्यांचे आभार. प्रगती सांगतो.

डबा उघडला. तिरशिंगराव म्हणाले तसा काळा थेंब आहे. बाजूला ७८०५, त्याचा स्क्रू खरंच सैल होता. अडॅप्टर आणला, दिशा तपासली, पिना पुसल्या. लाल दिवा लागला. बेडरूमच्या एलसीडीला अँटेनाच्या जागी लावून शोधलं, मुंग्यांतून हळूहळू समुद्र आला, नारळाची झाडं आली. चिरंजीवांनी मेनूतले खेळ मोजायला घेतले आणि बराच वेळ खाली जात राहिले. मग म्हणाले, "बाबा, हे फसवतायत." आता दोघं रोज रात्री बॅटल सिटी खेळतो. त्याने मला काल तीनदा मुद्दाम गोळी घातली.

अडचण एकच. बदकांची बंदूक चालत नाही. बटण खटकन् वाजतं, पडदा लुकलुकतो, पण बदक मरत नाही. बंदूक गेली का?

डागकाम

बंदूक शाबूत असणार, टीव्ही चुकीचा आहे. बंदुकीतून काही निघत नाही, ती फक्त बघते. तुम्ही चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. त्याच क्षणी बंदुकीच्या नळीला उजेड दिसला तर बदक मेलं. जुन्या ट्यूबच्या टीव्हीवर हे लगेच घडतं. एलसीडी चित्र आधी स्वतः पचवतो, मग दाखवतो. तोवर गेमची वेळ संपलेली असते. शिवाय अनेक बंदुकांतली सर्किट ट्यूबच्या झगमगाटालाच ओळखतात.

बंदूक चालवायची तर ट्यूबचा टीव्ही हवा.

शिकागोचा_विहीण

आणि टीव्ही मिळाला की एक करा. एक बदकवाला खेळ निवडा आणि दुसऱ्याच्या हातात रिमोट द्या. रिमोटने बदक हलवता येतं! ही गोष्ट मला पस्तिशीत कळली. चिरंजीवांना सांगू नका, स्वतः वापरा.

सई_वाईकर

काय सांगता!! म्हणजे एवढी वर्षं भाऊ म्हणायचा "माझं बदक जास्त वाकडं उडतं"...

तिरशिंगराव

पेटी, चिंचवडला माझ्याकडे एक १४ इंची पोर्टेबल जास्तीचा आहे. ट्रिनिट्रॉन नाही, साधा आहे, पण ट्यूब ताजी आहे. क्लोनला चालेल. फुकट न्या, फक्त उचलायला एक माणूस आणा.

झक्या

तिरशिंगराव क्लोनला टीव्ही देतायत. स्क्रीनशॉट काढून ठेवा कुणीतरी.

तिरशिंगराव

टीव्ही देतोय, मान्यता नाही.

डागकाम

पेटी, टीव्ही आणल्यावर चित्र वाकडं दिसलं तर मागचं झाकण उघडून स्वतः काही करू नका. बंद करून प्लग काढल्यावरही पिक्चर ट्यूबवर हजारो व्होल्ट राहू शकतात. माहीतगार माणसाला बोलवा.

झक्या

म्हणजे शेवटचा राक्षस टीव्हीच्या मागे आहे. तीस लाइफ घेऊन जा.